वाकडा स्ट्रॉ

स्ट्रॉच्या मानेपाशी पेटीच्या भात्यासारख्या चुण्या असतात ना, त्या कशासाठी? हा प्रश्न मी गेल्या आठवड्यात ऑफिसात चार-पाच जणांना विचारला. "पिताना बरं पडतं", "लहान मुलांना सोपं जातं", "नाकात जाऊ नये म्हणून" अशी उत्तरं आली. एकाने "मार्केटिंग!" म्हणून विषय संपवला. :)

यातलं लहान मुलांचं उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं कुणालाच सुचलं नाही, आणि ते अर्धंच जास्त महत्त्वाचं आहे. वाकणाऱ्या स्ट्रॉचं पहिलं गिऱ्हाईक होतं एक हॉस्पिटल. ज्यांना उठून बसता येत नाही, ग्लास धरता येत नाही, मान उचलता येत नाही, अशा माणसांना हा स्ट्रॉ सगळ्यात आधी उपयोगी पडला. बाकीचे आपण मागून आलो. आणि मग इतके जण आलो की आधी कोण होतं हेच विसरून गेलो. ही त्या विसरण्याची गोष्ट आहे.

मुळात आडव्या पडलेल्या माणसाला पाणी पाजायचं कसं, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्याकडे तान्ह्या बाळासाठी बोंडलं असायचं. चपटं, छोटं, पुढे चोच काढलेलं भांडं. चोच ओठांशी टेकवायची, भांडं हळूच तिरकं करायचं, की दूध थोडं थोडं तोंडात जातं. सराफाकडे चांदीचं बोंडलं आजही मिळतं. युरोपात हीच युक्ती मोठ्या माणसांसाठी वापरली गेली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथे चिनी मातीचे आजाऱ्यांचे कप मिळायचे. चहाच्या किटलीसारखी तोटी, धरायला कान, आणि वरचं अर्धं तोंड झाकलेलं. अर्धं झाकण का, तर कप तिरका केल्यावर सूप पेशंटच्या छातीवर सांडू नये म्हणून. साधी पण विचार करून केलेली वस्तू. आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात स्टीलचा किंवा प्लास्टिकचा फीडिंग कप मिळतो, तो याच घराण्यातला.

आता या सगळ्या भांड्यांत एक गोष्ट समान आहे. पातळ पदार्थ तोंडात जातो तो गुरुत्वाकर्षणाने, आणि तो किती जाणार हे ठरवतो भांडं धरणारा हात. पिणाऱ्याचा हात चालत असता तर प्रश्नच नव्हता, म्हणजे हात बहुतेक दुसऱ्याचाच असणार. त्या हाताने जास्त तिरकं केलं की ठसका लागलाच. कमी केलं की वाट बघायची. पिणारा बोलू शकत नाही, कारण तोंडात तोटी आहे! भल्या माणसाच्या हातूनही हे होतं. दुसऱ्याच्या गतीने गिळणं किती अवघड आहे हे बघायचं असेल तर घरातल्या कुणालातरी सांगा, तुम्हाला पडल्या पडल्या ग्लासभर पाणी पाजायला. (टॉवेल जवळ ठेवा. आणि ठसका लागला की लगेच उठून बसा.)

नळीचं तसं नाही. नळीतून पाणी वर येतं ते पिणारा ओढतो म्हणून. त्याने थांबवलं की थांबतं. किती, केव्हा, किती वेगाने, हे तिन्ही निर्णय पिणाऱ्याकडे. माझ्या मते तोटी आणि नळी यांतला खरा फरक हाच आहे. आकाराचा फरक त्यानंतरचा.

नळीने पिण्याची कल्पना अर्थातच आजाऱ्यांसाठी निघालेली नाही. इराकमधल्या उर या प्राचीन शहरात पुआबी राणीची कबर सापडली, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तिच्यात बिअर प्यायच्या नळ्या मिळाल्या, त्यातली एक सोन्याची. बिअरमध्ये धान्याचा गाळ असायचा, तो तोंडात येऊ नये म्हणून नळी. पुढे अमेरिकेत राय या धान्याच्या पोकळ काडीतून थंड पेयं प्यायची पद्धत होती. स्ट्रॉ या शब्दाचा मूळ अर्थच काड. पण त्या काडीला गवताची चव, आणि थोड्या वेळाने ती भिजून तुटायची. वॉशिंग्टनमध्ये मार्विन स्टोन नावाचा माणूस सिगरेटसाठी कागदी नळ्या बनवायचा. त्याने पेन्सिलीभोवती कागद गुंडाळला, डिंकाने चिकटवला, पुढे पाणी लागू नये म्हणून त्यावर मेण चढवलं. ३ जानेवारी १८८८ ला त्याला पेटंट मिळालं. कागदी स्ट्रॉ जन्माला आला.

पण हा स्ट्रॉ सरळ. सरळ स्ट्रॉ कुणाच्या उपयोगाचा? जो टेबलाशी ताठ बसलाय आणि ग्लासावर वाकू शकतो त्याच्या. पडलेल्या माणसासाठी सरळ स्ट्रॉ म्हणजे वैताग. एक तर ग्लास तोंडाच्या वर धरावा लागेल, म्हणजे सांडेल, नाहीतर मान उचलावी लागेल, आणि तेच तर जमत नाही. कागद वाकवायला जावं तर चुरगळतो आणि भोक बंद. म्हणून हॉस्पिटलात काचेच्या नळ्या असायच्या, आधीच वाकवलेल्या. काच उकळून परत वापरता येते, हा फायदा. पण ती धुवायला कुणीतरी हवं, आणि ती फुटते. दातांत काच धरून पडून राहिलेला, हातपाय थरथरणारा पेशंट डोळ्यांसमोर आणा, म्हणजे तोटा लक्षात येईल.

आता येतो आपला नायक. जोसेफ फ्रीडमन, जन्म १९००, क्लीव्हलँडचा. धंदा एक नाही. कधी चष्मे, कधी जमिनींचे व्यवहार, कधी विमा, आणि मधल्या वेळात शोध लावायचा नाद. १९३० च्या दशकात तो सॅन फ्रान्सिस्कोला होता. त्याच्या भावाचं तिथे सोडा आणि मिल्कशेकचं दुकान होतं. एकदा जोसेफची लहान मुलगी जुडिथ उंच काउंटरशी बसून मिल्कशेक प्यायचा प्रयत्न करत होती. स्ट्रॉ सरळ, ग्लास उंच, पोरगी बुटकी. तोंड काही पोचेना. बापाने काय केलं, तर कागदी स्ट्रॉच्या आत एक स्क्रू सरकवला, आणि दात साफ करायच्या दोऱ्याने बाहेरून कागद स्क्रूच्या आट्यांत दाबून बसवला. स्क्रू काढून घेतला. कागदावर चुण्या राहिल्या. आता स्ट्रॉ वाकवला तरी भोक बुजेना.

मला ही आयडिया भयंकर आवडते. नवीन मटेरियल नाही, वेगळा पार्ट नाही, बिजागरी नाही. त्याच कागदाला फक्त चुण्या. वाकवल्यावर बाहेरच्या बाजूच्या चुण्या उघडतात, आतल्या मिटतात आणि मधला गोल तसाच राहतो. २८ सप्टेंबर १९३७ ला त्याला याचं अमेरिकन पेटंट मिळालं, क्रमांक २०९४२६८, नाव नुसतंच 'पिण्याची नळी'. नेटवर ते फुकट बघायला मिळतं. जरूर बघा.

पुढची गोष्ट मात्र आपल्या स्टार्टअपवाल्या मित्रांना ओळखीची वाटेल. फ्रीडमनने हे पेटंट मोठ्या स्ट्रॉ कंपन्यांना विकायचा प्रयत्न केला. कुणी घेतलं नाही. मग १९३९ मध्ये स्वतःच फ्लेक्स-स्ट्रॉ नावाची कंपनी काढली. तेवढ्यात दुसरं महायुद्ध. स्ट्रॉला चुण्या पाडणारं मशीन कुठेच मिळत नव्हतं, तेही त्यालाच डिझाइन करावं लागलं. भांडवल घरच्यांचं आणि ओळखीच्यांचं. त्याची बहीण बेटी क्लीव्हलँडला राहून विक्रीचं बघायची. दोघांचा पत्रव्यवहार आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. आणि १९४७ मध्ये, म्हणजे पेटंट मिळाल्यावर दहा वर्षांनी, पहिली विक्री झाली. आइसक्रीमच्या दुकानाला नव्हे, हॉस्पिटलला.

हॉस्पिटलला का पटलं असेल हे कळायला तो काळ बघा. अमेरिकेत तेव्हा दर उन्हाळ्यात पोलिओची साथ यायची. एकट्या १९५२ साली सुमारे अठ्ठावन्न हजार लोकांना तिथे पोलिओ झाला. ज्यांचे श्वासाचे स्नायू गेले ते लोखंडी फुप्फुसात, म्हणजे एका मोठ्या नळकांड्यात झोपवलेले, फक्त डोकं बाहेर. मशीन श्वास घ्यायला लावणार, मशीनच सोडायला लावणार. अशा माणसाला पाणी गिळायचं तर ते श्वास बाहेर जात असतानाच. आत घेताना गिळलं तर पाणी श्वासनलिकेत. आता हा ताल बाहेरून कप धरणाऱ्या नर्सला कसा सापडणार? तो पिणाऱ्यालाच ठाऊक. वाकडा स्ट्रॉ ओठांत असेल तर तो आपल्या तालावर ओढतो, थांबतो, परत ओढतो.

ओढायला फार ताकद लागत नाही, हेही महत्त्वाचं. हवेचा दाब पाण्याला साधारण दहा मीटर उंच चढवू शकतो. वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर पाणी चढवायचं तर तोंडातला दाब दोन टक्क्यांनी कमी करायचा, बस. पण मीटरभर लांब नळी वर उभी केली तर दहा टक्के, आणि स्नायू कमजोर असलेल्याला तो फरक कळतो. म्हणून स्ट्रॉची लांबी, जाडी, ग्लास कुठे ठेवलाय, या सगळ्याला अर्थ आहे.

हे सगळं मला इतकं का लागतं ते सांगतो. माझ्या थोरल्या काकांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यानंतर ते दोन वर्षं अंथरुणावर होते. काकू त्यांचं सगळं करायच्या, न कंटाळता. दुपारी तासभर काय त्या पडायच्या, तेवढाच आराम. त्या वेळात काका पाणी प्यायचे नाहीत. तहान लागली तरी नाही. "तिला कशाला उठवायचं," म्हणायचे. पुढे पुढे तर सकाळपासूनच कमी प्यायला लागले, कारण पाणी प्यायलं की पुढचं सगळं आलंच, आणि त्यालाही दुसरं माणूस लागणार. गिळायला त्रास नाही हे डॉक्टरांनी तपासलं होतं. मग चुलतभावाने पलंगाच्या कठड्याला बाटली बांधली आणि तिच्यात लांब, वाकडा स्ट्रॉ बसवला, तोंडाच्या चांगल्या बाजूला येईल असा. दुपारी तीन वाजता कुणालाही हाक न मारता काका पाणी प्यायला लागले. वस्तूची किंमत काही पैसे.

कॅलिफोर्नियात एड रॉबर्ट्स नावाचा एक माणूस होऊन गेला. १९५३ साली चौदाव्या वर्षी पोलिओ, मानेखाली जवळजवळ सगळं शरीर निकामी. हट्टाने बर्कलीच्या विद्यापीठात शिकला, आणि १९७२ मध्ये त्याने आणि त्याच्या मित्रांनी तिथे अपंगांनी स्वतः चालवलेलं स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभं केलं. त्या चळवळीचा एक विचार मला फार पटतो. स्वावलंबन म्हणजे सगळं स्वतःच्या हाताने करणं असं ती मानत नाही. मदत घ्या हवी तेवढी, पण ठरवणारे तुम्ही असलं पाहिजे. काकांची बाटली दुसऱ्यानेच भरून ठेवलेली असायची. पण घोट त्यांचा होता.

म्हणजे स्ट्रॉ दिला की प्रश्न सुटला असं नाही हं. ओठ मिटत नसतील तर ओढता येत नाही. गिळणं मंद असेल तर स्ट्रॉने एकदम घशाशी आलेलं पाणी उलट घातक. त्यामुळे या घराण्यात बरीच मंडळी आहेत. एका बाजूने कडा खोल कापलेला कप असतो, कापलेली बाजू नाकाकडे. पेला संपत आला की आपण मान मागे टाकतो, कारण नाक कडेला आपटतं. इथे नाकाला जागा ठेवल्यामुळे मान सरळ ठेवून शेवटच्या थेंबापर्यंत पिता येतं. गिळायला त्रास असलेल्या कित्येकांना हनुवटी खाली घेऊन गिळायला शिकवतात ते श्वासनलिकेत पाणी जाऊ नये म्हणून. (आपली वरून, तोंड न लावता पाणी प्यायची सवय याच्या बरोब्बर उलट! आजाऱ्याला तसं पाजायला जाऊ नका.) हात कापत असेल तर दोन कानांचा कप, किंवा मुद्दाम जड केलेला. ओढायची ताकद कमी असेल तर आत झडप असलेला स्ट्रॉ. एकदा वर आलेलं पाणी परत खाली जात नाही, पुढचा घोट सोपा.

कधी वाट उलटीही असते. १९८९ साली टेक्सासमध्ये भर उन्हात शंभर मैलांची सायकल शर्यत होती. मायकेल आयडसन नावाच्या सायकलपटूने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, मोज्यात घालून पाठीला लावली आणि तिची नळी खांद्यावरून तोंडाशी आणली. त्यातून कॅमलबॅक ही कंपनी झाली. ट्रेकला आपण हौसेने नेतो तीच पिशवी आज व्हीलचेअरच्या पाठीला लावून हात न चालणारी माणसं दिवसभर पाणी पितात. हॉस्पिटलातून शर्यतीत आणि शर्यतीतून व्हीलचेअरवर!

परत स्ट्रॉकडे. फ्रीडमनने १९६९ मध्ये कंपनी मेरिलँड कपला विकली. कागद मागे पडून प्लास्टिक आलं. प्लास्टिकचा वाकडा स्ट्रॉ स्वस्त, गरम चहात टिकणारा, चावला तरी तुकडा न पडणारा, वापरून फेकून देता येणारा. तो इतका पसरला की हॉटेलात मागावाही लागेना. अपंग माणसाच्या दृष्टीने हा सुवर्णकाळ. कारण त्याच्या गरजेची वस्तू प्रत्येक टेबलावर आपोआप हजर, कुणाला काही समजावून सांगायला नको. वेगळं, महाग, 'मेडिकल' दिसणारं काही सोबत बाळगायला नको.

मग २०१५ मध्ये कोस्टारिकाजवळ एका समुद्री कासवाच्या नाकातून स्ट्रॉ ओढून काढतानाचा व्हिडिओ जगभर फिरला. बघवत नाही तो. अमेरिकेत रोज पन्नास कोटी स्ट्रॉ वापरले जातात हा आकडाही सगळीकडे छापून येत होता. तो आला होता २०११ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाने कंपन्यांना फोन करून काढलेल्या अंदाजातून. समुद्रातल्या एकूण प्लास्टिकमध्ये स्ट्रॉचा वाटा वजनाने किरकोळ. पण बंदी घालायला सोपा, कारण 'स्ट्रॉ कुणाला लागतो हो?'

१ जुलै २०१८ ला सिअॅटल शहरात बंदी लागू झाली. वैद्यकीय गरज असणाऱ्यांना वाकडा प्लास्टिक स्ट्रॉ देण्याची सूट नियमात होती, पण कित्येक हॉटेलांना ती ठाऊकच नव्हती. अपंगांच्या संघटना बोलायला लागल्या. उत्तर मिळालं, पर्याय वापरा. तर पर्याय बघू. कागदी, तो भिजतो, आणि ज्याचा जबडा आपोआप आवळतो त्याच्या तोंडात तुकडा राहिला तर घशात अडकायची भीती. स्टीलचा, तो गरम चहात ओठ भाजतो, आणि अंगाला झटके येणाऱ्याच्या दातांना, टाळूला इजा करू शकतो. सिलिकॉनचा चांगला, पण तो ब्रश घालून धुवायला लागतो. ज्याला ग्लास धरता येत नाही तो ब्रश कसा धरणार? परत दुसऱ्याचा हात आला.

आमच्या धंद्यात असले प्रसंग नेहमीचे. जुन्या सिस्टीममधलं एक फीचर कुणी वापरत नाही असं वाटून काढून टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी कोपऱ्यातल्या ऑफिसचं काम ठप्प होतं. वापरणारे थोडे असतात, तक्रार करायला त्यांच्याकडे वेळ नसतो. आणि ते फीचर मुळात त्यांच्यासाठीच लिहिलेलं होतं, हे सांगणारा माणूस कधीच कंपनी सोडून गेलेला.

प्लास्टिकचा कचरा खोटा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. दोन्ही सांभाळता येतं, हे इंग्लंडने दाखवलं. तिथे १ ऑक्टोबर २०२० ला बंदी आली, पण औषधाच्या दुकानात प्लास्टिकचे स्ट्रॉ विकायला मुभा ठेवली. हॉटेलाने ते टेबलावर ठेवायचे नाहीत, आणि कुणी मागितला तर पुरावा न मागता द्यायचा. युरोपियन युनियनच्या २०२१ च्या बंदीतही वैद्यकीय साधन म्हणून मोडणारे स्ट्रॉ वगळलेले आहेत. अमेरिकेत मात्र २०२५ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांनी सरकारी खात्यांतली कागदी स्ट्रॉची खरेदी बंद करण्याचा आदेश काढला, आणि स्ट्रॉ हा तुम्ही कुठल्या पक्षाचे याची खूण होऊन बसला. पिणारा माणूस त्यात पुन्हा बाजूलाच.

आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या ज्या प्लास्टिकच्या वस्तूंवर देशभर बंदी आली, त्या यादीत फुग्यांच्या दांड्या, आइसक्रीमच्या काड्या, थर्माकोलची सजावट आणि स्ट्रॉ एका ओळीत होते. सरबताच्या छोट्या खोक्यांच्या कंपन्यांनी मुदतवाढ मागितली, त्यावर बरंच छापून आलं. मी तेव्हा वाचलेल्या बातम्यांत पेशंटचा उल्लेख मला दिसला नाही. गंमत म्हणजे २०१६ च्या आपल्याच दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं मोजलेली आहेत. त्यात सेरेब्रल पाल्सी आहे, मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्सही आहे. या चारही आजारांत साधा पेला तोंडाला लावणं हे रोजचं कष्टाचं काम होऊ शकतं.

असो. कायदा बदलायचा तेव्हा बदलेल. तोवर तुमच्या घरी, शेजारी, नात्यात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर एवढं करा. आधी डॉक्टरांना किंवा गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टना विचारा, यांना स्ट्रॉ चालेल का, कप कुठला. आणि मग त्या माणसालाच विचारा, पाणी कुठे ठेवू, स्ट्रॉ कुठल्या बाजूला वळवू. उत्तर मिळेल तसं ठेवा. आणि दुपारी सगळे झोपल्यावर बाटलीतलं पाणी कमी होतंय का, ते बघा.